काटकी की पाय

"ती काटकी आहे, काऊ. पाय नाही."

मुरलीकाकांनी चष्मा कपाळावर सरकवला, नाक कॉम्प्युटरच्या पडद्याला टेकेल इतके वाकले आणि पुन्हा तेच म्हणाले. त्यांच्या शर्टावर, केसांत, भुवयांवर खाणीची धूळ बसली होती. दोन रात्री झोप नव्हती. आवाज पार बसला होता.

"काका, जरा मागे जाऊन बघा. जवळून नुसते चौकोन दिसतात," मी म्हणाले.

ते दोन पावलं मागे सरकले. हवालदार सानप दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. आई खुर्चीत बसली होती. ती फोटोकडे बघतच नव्हती, आमच्या दोघांच्या तोंडांकडे बघत होती. डॉक्टर आपसात इंग्रजीत बोलायला लागले की पेशंटच्या घरची माणसं बघतात ना, तशी.

आमच्या स्टुडिओतला तो मोठा मॉनिटर. एरवी त्यावर मी नवरानवरींचे चेहरे उजळ करायची, अल्बम जुळवायची. त्या सोमवारी सकाळी त्यावर एक घुबड होतं, आणि माझे बाबा शनिवारपासून बेपत्ता होते.

बाबा म्हणजे दशरथ गुंजाळ. संगमनेरात आमचा छोटा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो हे पोटासाठी. लग्नाची तिथी नसली की बाबा मोटरसायकलवर कॅमेऱ्याची बॅग टाकून डोंगरात जायचे, ते पक्ष्यांसाठी. त्यांना पक्षी दिसायचे. झाडाच्या सालीला चिकटून बसलेला, सालीसारखाच दिसणारा पक्षी त्यांना चालत्या गाडीवरून दिसायचा. नावं मात्र लक्षात राहायची नाहीत. ते काम माझं. शाळेत असल्यापासून ते फोटो आणायचे आणि मी पुस्तकं उघडून बसायची. पंखावरची रेघ, चोचीचा बाक, शेपटीची लांबी. दोघांचं मिळून एक डोकं होतं म्हणा ना.

शनिवारी जाताना त्यांनी आईला सांगितलं होतं, "चिंचोलीच्या खाणीवर जातोय. संध्याकाळी येतो." मुरलीकाकांनाही आदल्या दिवशी तेच सांगितलं होतं. मुरलीधर वाकचौरे म्हणजे बाबांचे वीस वर्षांचे दोस्त. स्टुडिओशेजारीच त्यांचं मेडिकल. पक्ष्यांचा नाद दोघांना एकदमच लागला. गावातल्या पोरांना दुर्बिणी देऊन तळ्यावर नेणारे, वर्तमानपत्रात लिहिणारे, शाळाशाळांतून बोलणारे ते मुरलीकाका. बाबा फक्त फोटो काढायचे.

चिंचोलीच्या जुन्या खाणीत शृंगी घुबडांची एक जोडी दरवर्षी कपारीत अंडी घालायची. आदल्या वर्षी तिथली दोन पिल्लं एका रात्रीत नाहीशी झाली. घुबडाला गिऱ्हाईक असतं. गुप्तधन काढून देणारे, अमावास्येचे उतारे करणारे भोंदू कितीही पैसे मोजतात. तेव्हापासून बाबा बदलले. कोणतं घरटं कुठे आहे हे घरीसुद्धा बोलायचे नाहीत. गाडी रस्त्यावर न लावता झुडपात सारून वर फांद्या टाकायचे. आम्ही त्यांची चेष्टा करायचो.

शनिवारी दुपारी त्यांचा फोटो आला. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या छोट्या पडद्याचा मोबाइलने काढलेला फोटो. उन्हाची तिरीप पडलेली, रंग बिघडलेले. पानांच्या आड बसलेलं एक मोठं घुबड, डोक्यावर दोन शिंगं. खाली लिहिलं होतं, "काऊ, कोण?"

मी लिहिलं, "मोठा पाठवा. यावरून सांगता येणार नाही." माझ्या उत्तरापुढे एकच टिक उमटली. दुसरी उमटलीच नाही.

रविवारचा अख्खा दिवस खाणीत गेला. मुरलीकाका, त्यांची दुर्बीणवाली पोरं, चार पोलीस. कपारी पाहिल्या, ओघळी पाहिल्या. बाबांची गाडी सापडली नाही, पण ते ती लपवतात हे सगळ्यांना माहीत होतं. मोबाइल शेवटचा जिथे लागला तो टॉवर खाणीलाही एकच आणि पलीकडच्या मुळा नदीच्या खोऱ्यालाही एकच. संध्याकाळी कुणाच्या तरी मनात आलं की खाणीतल्या पाण्याने भरलेल्या खड्ड्यात बघायला हवं. सोमवारी सकाळी तिथे पंप लागला.

आणि मी रात्रभर तो फोटो बघत होते.

त्या फोटोतलं घुबड शृंगी घुबड असेल, तर बाबा खाणीत होते. शृंगी घुबड खडकांत राहतं, खाणीत, ओघळीत, उजाड माळावर. पण त्याच्यासारखंच दिसणारं, तितकंच मोठं, तशीच शिंगं असलेलं दुसरं एक घुबड आहे. मत्स्यघुबड. ते मासे आणि खेकडे खातं. त्याला बारमाही पाणी लागतं आणि पाण्यावर वाकलेली जुनी, मोठी झाडं लागतात. दोघांतला फरक डोळ्यांत असतो. शृंगीचे नारिंगी, याचे पिवळे. पण त्या फोटोत सगळे रंगच विटलेले. छातीवरच्या रेघा पानांनी झाकलेल्या. उरला एक फरक. शृंगी घुबडाचे पाय बोटांपर्यंत पिसांनी मढलेले असतात, लोकरीचे मोजे घातल्यासारखे. मत्स्यघुबडाचे पाय उघडे.

फोटोत एका पानाच्या खाली पिसांतून निघून फांदीपर्यंत गेलेली एक करडी, बारीक, उघडी रेघ होती. पाय असेल तर ते मत्स्यघुबड. काटकी असेल तर काहीच नाही.

"बघ, तिरकी आहे," मुरलीकाका म्हणाले. "घुबड असा पाय टाकून बसत नाही. मागच्या फांदीची काटकी पुढे आलीय."

"पण ती फांदीपाशी जाड होते. बोटांसारखी."

"गाठ असेल."

"आणि पान? खाणीत बाभळी आहेत. एवढं मोठं पान तिथे कुठून आलं?"

"खाणीच्या काठावर वड आहे. तू पाहिलायस." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "काऊ, मलाही वाटतंय गं, तू म्हणतेस ते खरं असावं. त्या खड्ड्यात पंप चालू आहे. मला काय तिथे उभं राहायची हौस आहे? पण दशरथ मला सांगून गेलाय, खाणीवर जातो म्हणून. तो माझ्याशी खोटं बोलणार नाही."

सानप दारातून म्हणाले, "ताई, नक्की सांगा. माझ्याकडे माणसं थोडी आहेत. नदीकडे वळवली तर खाणीतलं काम थांबतं."

नक्की. मी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. इतकी वर्षं फोटो ओळखले, चुकले तर चुकले, बाबा हसायचे आणि पुढचा फोटो दाखवायचे. चुकीला काही किंमत पडते हे मला माहीतच नव्हतं. आता त्या करड्या रेघेकडे बघता बघता ती पाय व्हायची, डोळे मिटून उघडले की काटकी व्हायची.

"नक्की नाही सांगता येणार," मी म्हणाले.

सानपांनी मान हलवली. मुरलीकाकांनी चष्मा खाली ओढला.

तेव्हा आई पहिल्यांदा बोलली. "तुला काय वाटतं?"

"पाय वाटतो."

"वाटतो?"

"हो."

आई उठली. खुंटीवरची शाल घेतली, पाण्याची बाटली घेतली.

"वहिनी, तुम्ही खाणीवर असायला हवं," मुरलीकाका म्हणाले. "काही... म्हणजे तसं काही निघालं तर—"

"तसं निघालं तर त्यांना माझी काय गरज आहे, भाऊजी?" आई म्हणाली. "जिवंत असतील तिकडे जाऊ दे मला."

शेजारचे रफिकभाई गाड्यांची सीटकव्हरं शिवायचे. त्यांची जुनी ओमनी व्हॅन होती. मी विचारलं, तर त्यांनी मशीनवरचं अर्धं शिवलेलं कव्हर तसंच टाकलं आणि चावी उचलली.

बारमाही पाणी आणि मोठी झाडं. फेब्रुवारीत आमच्याकडे ओढे आटलेले असतात. धरणाच्या फुगवट्याला पाणी भरपूर, पण काठ बोडके. दोन्ही एकत्र अशी जागा मला एकच ठाऊक होती. वांजुळदऱ्यातला काळडोह. नदी तिथे काळ्या खडकांच्या चिरेत शिरते आणि दोन्ही काठांवरून जांभळी, करंज, उंबर पाण्यावर ओणवलेले असतात. मी लहान असताना बाबांनी एकदा तिथे नेलं होतं. पण दरा लांबलचक, आणि बाबा तिथे आहेत याला आधार काय, तर एक करडी रेघ.

वाटेत मी मोबाइलवर तो फोटो पुन्हा उघडला. आईने माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि पालथा करून स्वतःच्या मांडीवर ठेवला.

"आता नको बघूस," ती म्हणाली. "आता निघालोय आपण."

खिंड ओलांडल्यावर मोबाइलची रेंज गेली. ऊन चढलं होतं. दऱ्याच्या तोंडाशी एक झोपडी होती. सोमा मेंगाळ नावाचा माणूस अंगणात जाळं दुरुस्त करत बसला होता. मी बाबांचा फोटो दाखवला.

"न्हाय बाई. असं कुनी आलं न्हाय हिकडं."

"शनिवारी? मोटरसायकलवरून?"

"गाडीचा आवाज आल्याला. पन मान्सं येत्यात, वाळू बघाया, मासं धराया. कोन बघतंय."

आईने त्याला विचारलं, "खाली उतरायला वाट आहे का?" आणि उत्तराची वाट न बघता चालायला लागली. सोमाने एकदा तिच्या चपलांकडे पाहिलं, जाळं बाजूला टाकलं आणि पुढे झाला.

गाडी आईलाच दिसली. करवंदीच्या जाळीत खुपसलेली, वर वाळलेल्या फांद्या. मी पुढे निघून गेले होते. मागे आईचा नुसता "अगं" ऐकू आला. वळून पाहिलं तर ती फांद्या उपसत होती, काटे हाताला लागत होते तरी उपसत होती. रफिकभाईंनीच शिवलेलं लाल सीटकव्हर. त्यावर करवंदीची पानं पडलेली.

पाय होता तो. काटकी नव्हती.

मला वाटलं होतं, असं काही सापडलं तर मी आनंदाने ओरडेन. पण गाडी थंडगार उभी होती आणि तिच्या धुळीवर कसल्यातरी पाखराच्या पावलांचे ठसे होते. शनिवारपासून तिला कुणी हात लावला नव्हता. म्हणजे बाबा इथेच होते, आणि इथून निघू शकले नव्हते.

"मी वर खिंडीत जातो," रफिकभाई म्हणाले. "फोन लावतो सगळ्यांना. बेटा, आवाज देत राहा." ते ओमनीकडे पळत गेले. त्यांना पळताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मग आम्ही हाका मारत सुटलो. दऱ्यात हाक मारली की ती चार ठिकाणांहून परत येते. "बाबा" म्हटलं की पलीकडच्या कड्यातून कुणीतरी "बाबा" म्हणतं, आणि तेवढ्यात खरंच कुणी ओ दिली असेल तर ती त्यात बुडून जाते. मग आईनेच ठरवलं. एक हाक मारायची, दम धरायचा, कान द्यायचे, मग पुढे सरकायचं. ती बाबांना नावाने कधी हाक मारत नसे. त्या दिवशी तिने मारली. "अहो" म्हणून पाहिलं आधी, मग "दशरथ" म्हणाली, मोठ्याने, घसा फाटेल इतक्या मोठ्याने. सोमा दुसरीकडे बघत राहिला.

खडक गुळगुळीत होते, मोठे, एकावर एक कलंडलेले, खाली काळं पाणी. प्रत्येक खडकामागे वाकून बघायचं आणि बघण्याआधी डोळे मिटायचे. एका ठिकाणी पाण्यात काहीतरी निळं दिसलं. बाबांनी निळा स्वेटर घातला होता. सोमा कपड्यांसकट उतरला आणि हाताने वर काढलं, तर खताची फाटकी गोणी. आई खडकावर बसली. तिची एक चप्पल कुठेतरी गेली होती. तिने दुसरीही काढून ठेवली आणि उठली.

ऊन कड्यावर चढत गेलं. दऱ्यात अंधार लवकर येतो, आधी पाणी काळं होतं, मग खडक. वरून कुणी येत नव्हतं. मी सोमाला विचारलं, पुढे किती आहे? तो म्हणाला, "लई हाय बाई. पार फुगवट्यापातूर." मी मनातल्या मनात हिशेब करत होते की अंधार पडल्यावर वर जायचं की इथेच बसायचं, आणि आईला वर चल म्हणणार कोण.

तेवढ्यात ते बोललं.

डोहावरच्या झाडीतून खोल, घुमणारा आवाज. रिकाम्या रांजणात तोंड घालून कुणी हुंकार द्यावा तसा. मग पलीकडून दुसरा. जोडी होती. मत्स्यघुबडाचा आवाज मी फक्त कॉम्प्युटरवर ऐकला होता. प्रत्यक्ष ऐकायला मिळावा म्हणून कितीतरी वर्षं तळमळले होते. आणि आता मी दोन्ही हातांनी डोकं धरून ओरडले, "गप्प बस! गप्प बस ना!" कारण त्या घुमण्याखाली दुसरा काही आवाज असेल, तर तो मला ऐकू येत नव्हता.

घुबड गप्प झालं. बहुतेक माझ्या ओरडण्यानेच.

आणि खालच्या अंगाला, दोन खडकांच्या फटीत, वीज चमकावी तसा पांढरा उजेड झाला.

"काय होतं ते?" आई म्हणाली.

मी श्वास धरून उभी. काहीच नाही. मला वाटलं, भास. मग पुन्हा, मघापेक्षा मंद, करंजाची पानं खालून उजळली आणि विझली.

"फ्लॅश," मी म्हणाले. "आई, फ्लॅश आहे तो."

ती माझ्या आधी पोचली. अनवाणी, त्या खडकांवरून, कशी ते मला आजही सांगता येणार नाही.

बाबा मांडीपर्यंत पाण्यात होते. शनिवारी दुपारी खिंडीत जाऊन फोटो पाठवून ते परत खाली उतरले होते, संध्याकाळच्या उजेडासाठी. उडी मारताना खडक कलंडला आणि पाऊल दोन धोंड्यांच्या चिरेत गेलं. कॅमेरा आणि मोबाइल दोन्ही डोहात गेले. बॅगेत फ्लॅश तेवढा राहिला होता. ओरडून ओरडून आवाज संपला होता. आमच्या हाका ऐकू आल्यावर ते फ्लॅशचं बटण दाबत होते, पण उन्हात कुणाला दिसणार? म्हणून त्यांनी हात आवरला, बॅटरी संपेल म्हणून, आणि अंधाराची वाट बघत बसले. आमच्या हाका जवळ येत होत्या, पुढे जात होत्या, आणि ते वाट बघत होते.

तेव्हा हे काही कळलं नाही. तेव्हा फक्त त्यांचे ओठ दिसले, पांढरे, फुटलेले. आई त्यांच्या मागे पाण्यात बसली आणि शालीसकट तिने त्यांना पाठीमागून कवेत धरलं. सोमाने घरून पहार आणली. धोंडा हलेना. मी पहारीला लोंबकळले तरी हलेना.

माणसं आली तेव्हा वर कड्यावर बॅटऱ्या दिसल्या. सगळ्यांत पुढे मुरलीकाका. ते उतरले नाहीत, घसरत आले. "दशरथ!" म्हणत थेट पाण्यात शिरले, छातीपर्यंत, चष्म्यासकट. दोन पोरं पहारीला लागली. काकांनी पाण्याखाली हात घालून धोंड्याखालचं पाऊल चाचपलं. आयुष्यभर औषधं विकलेला माणूस. त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

धोंडा सरकला तेव्हा बाबा ओरडलेसुद्धा नाहीत.

पाय गुडघ्याखाली काढावा लागला. डॉक्टर बाहेर येऊन आईला म्हणाले, "जीव वाचलाय हेच खूप समजा. एक दिवस आधी आणलं असतं तर पाऊल कदाचित राहिलं असतं." मुरलीकाका भिंतीला टेकून उभे होते. रविवारचा दिवस त्यांनी खाणीत घालवला होता, सगळ्या माणसांना घेऊन. त्यांनी ते ऐकलं आणि जिना उतरून गेले.

बाबा बोलायला लागल्यावर ते आले. हातात शहाळं. मी खाटेशेजारी होते. काका बसले नाहीत.

"तू मला खाण सांगितलीस," ते म्हणाले. "मी तुझ्या शब्दावर खाण उकरत बसलो. पोरीचं ऐकलं नाही. दशरथ, माझ्याशी खोटं का बोललास?"

बाबा छताकडे बघत होते. "खरं सांगितलं असतं तर तू कुणाला तरी सांगितलं असतंस."

"मी?"

"मुरली, मागच्या वर्षी ते दोघं पाहुणे. मोठ्या लेन्सवाले. त्यांना खाणीवर कोण घेऊन गेलं होतं?"

काकांच्या हातातलं शहाळं तसंच राहिलं. "ते... ते फोटो काढायला आले होते. किती नावं माहीत होती त्यांना. मला वाटलं—"  मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"पिल्लं गेली त्याच आठवड्यात. खाणीजवळ मेंढरं चारणाऱ्या एकाने सांगितलं."

"आणि तू वर्षभर माझ्याबरोबर बसून चहा पीत होतास?"

"मग काय करणार होतो?" बाबा म्हणाले. "चहा सोडू?"

काकांनी शहाळं खिडकीत ठेवलं. मला वाटलं, आता ते जातील आणि पुन्हा यायचे नाहीत. पण बाबांना घरी आणल्यावर पट्टी बदलायची वेळ आली, तेव्हा ते स्वतः आले. दुकानातल्या माणसाला पाठवलं नाही. रोज यायचे. जखम धुवायचे, औषध लावायचे, पट्टी गुंडाळायचे. बाबा तोंड भिंतीकडे करून पडायचे. आई चहा ठेवायची, दोघंही प्यायचे, बोलायचं काही नाही. जखम भरली, पुढे लाकडासारखा दिसणारा नकली पाय आला, त्याचे पट्टे आवळायला आणि सैल करायलाही काकाच यायचे. त्यांनी शाळांतली भाषणं बंद केली होती. दुर्बीण कुणाला तरी देऊन टाकली होती.

पुढचा हिवाळा आला. एकदा काका खाली बसून पट्टा सोडवत होते, तेव्हा बाबा म्हणाले, "रविवारी दुकान बंद ठेवशील?"

"ठेवीन की. का?"

"मला काळडोहावर ने. झाड दाखवतो."

बाबा सापडले ती जागा साऱ्या गावाला माहीत झाली होती, पण घरटं कोणत्या झाडावर आहे हे त्या गडबडीत कुणीच पाहिलं नव्हतं, मीसुद्धा. काकांचे हात पट्ट्यावर थांबले.

"नको, दशरथ. मला नको दाखवूस."

"तुझ्याशिवाय मला खाली उतरवणार कोण?"

रविवारी काका पहाटे गाडी घेऊन आले. बाबांना पुढे बसवलं, कुबड्या मागे टाकल्या. गाडी सुरू केली, बंद केली आणि खाली उतरून माझ्याकडे आले. खिशातून स्वतःचा मोबाइल काढून माझ्या तळहातावर ठेवला.

"हा इथेच राहू दे," ते म्हणाले.

बाबा समोर रस्त्याकडे बघत होते.

दिवस मावळताना ते परत आले. आई दारातच बसून होती. बाबा कुबड्यांवर आत आले, खुर्चीत बसले, म्हणाले, "यंदा एकच पिल्लू आहे." त्यांचे कपडे सकाळी घातले तसेच कोरडे होते, एक थेंबसुद्धा नाही. मागून मुरलीकाका आले, आणि ते कमरेपर्यंत भिजलेले होते, शर्टावर छातीशी बाबांच्या बुटाची माती.